अर्धी राहिलेली चीर

१

रोज सकाळी चहा झाला की वरचा टेबल पुसायचा. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. सुनेनं एकदा हौसेनं ओलं फडकं फिरवलं, तर दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. लाकूड पाणी पितं आणि प्यायलं की फुगतं, माणसासारखंच, असं त्याचं म्हणणं. फडकं कोरडं हवं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं फिरायला हवं, समोरच्या कडेपासून आपल्याकडे.

वरचा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लाकडाच्या वखारीत तेवीस वर्षं त्याला याच नावानं हाक मारली जायची. तिथं खोल खड्ड्यावर ओंडका आडवा टाकत. एक माणूस ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली खड्ड्यात. मधे दोन मुठींचा लांब आरा. वर उभा राहणारा तो वरचा, खड्ड्यात उतरणारा तो खालचा. वरच्यानं रेघ सांभाळायची. खालच्याला रेघ दिसत नाही. त्याच्या तोंडावर सगळा भुसा, डोळे मिटलेले. तो वरच्याच्या भरवशावर. आणि दोघांचा नियम एकच: आरा ओढायचा, ढकलायचा नाही. तू ओढलास की मी सैल सोडतो, मी ओढला की तू सोड. ढकलला की पातं वाकतं, आणि वाकलेलं पातं कुणाला ओळखत नाही.

खालचा वारला त्याला चार दिवस झाले होते. वरच्याचे गुडघे गेलेले. दोन जिने उतरून, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, तिथले दोन जिने चढणं त्याच्यानं होणार नव्हतं. काल वहिनींचा, म्हणजे खालच्याच्या बायकोचा, फोन आला होता.

"भाऊजी, माणसं येतात आणि तेच तेच बोलतात. ऐकून कान किटले. तुम्ही त्यांना ओळखत होता. दोन ओळी लिहून पाठवा. लेक वाचून दाखवेल मला."

"लिहितो," वरचा म्हणाला होता. शब्द दिला की दिला.

त्या सकाळी फडकं समोरच्या कडेला टेकवलं आणि तो थांबला. कडेवर चिमूटभर भुसा पडला होता.

२

"भुंगा लागला असेल टेबलाला," सून म्हणाली. ती कामावर निघायच्या घाईत केस बांधत होती.

वरच्यानं भुसा दोन बोटांत चोळला. "भुंग्याचा भुसा पिठासारखा असतो. हा लांबट आहे. आऱ्याच्या दात्यांचा आहे."

"मग कुठून उडून आला असेल."

"आणि ओला आहे."

"बाबा, भुशाचं पण गोत्र काढणार का आता?"

तो हसला नाही. ओला भुसा ओल्या झाडाचा. हे टेबल तीस वर्षं वाळलेलं. तेवीस वर्षं ज्यानं भुसा नाकातोंडात घेतला, त्याला कुणी भुसा शिकवू नये.

पण ती म्हणाली तेही खरंच, की उडून आला असेल. खिडकी उघडी होती. त्यानं फडकं मारलं आणि विषय संपवला.

सून दारातून परत वळली. "ते पत्राचं काय? मोबाईलवर तयार मजकूर मिळतात. चांगले असतात. एक निवडा, मी खाली तुमचं नाव घालून पाठवते."

"तयार सदरा मला जन्मात कधी बसला नाही."

"बरं. मग शिवा तुमचा तुम्ही. मापं चुकली तर मला सांगू नका."

ती गेली. घर शांत झालं. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे दिवसभर घरात वरचा एकटाच. त्यानं कागद घेतला, पट्टी घेतली, सुताराची चपटी पेन्सिल घेतली. शाळा चौथीपर्यंत. पण अक्षर सरळ. आधी रेघा आखल्या, मग टेबलाच्या आपल्या बाजूला बसला. समोरची खुर्ची रिकामी. ती खालच्याची. दोन-तीन महिन्यांनी तो यायचा, तिथं बसायचा, अंगठा आणि दोन बोटं उरलेला उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवायचा आणि डाव्या हातानं चहा प्यायचा. बोलायचा हवापाण्याचं. जाताना म्हणायचा, "टेबल छान ठेवलंयस."

वरच्यानं लिहिलं: वहिनींस नमस्कार. खालचा आणि मी तेवीस वर्षं एका आऱ्यावर होतो.

चांगलं वाक्य. खरं आणि सरळ. त्यानं पुढे लिहिलं: आमच्यात कधी वाकडं आलं नाही.

शेवटचं अक्षर काढताना कागद सरकला. बोटभर, समोरच्या बाजूला.

त्यानं कागद आपल्याकडे ओढून घेतला. कागद क्षणभर थांबला आणि परत सरकला. बोटभरच. घाई नाही, झटका नाही. कुणी टोक धरून ओढावं तसा, सवयीनं.

पंखा बंद होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

वरच्यानं पेन्सिल खाली ठेवली. उठला, स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायला. परत आला तेव्हा कागदाचे दोन तुकडे झाले होते. नमस्कार आणि तेवीस वर्षं एका तुकड्यावर. वाकडं आलं नाही दुसऱ्यावर. दोन ओळींच्या मधल्या रेघेवरून कापलेला, आणि कड फाटलेल्या कागदाची नव्हती. बारीक दात्यांची होती.

कागदाखाली भुसा होता. आता मूठभर.

३

वरचा घाबरणाऱ्यातला नव्हता. ओंडका घसरताना बघूनही तो जागचा हलला नाही, असं वखारीत सांगत. त्यानं खण उघडून पाणसळ काढली आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. टेबलाला उतार नाही. म्हणजे कागद आपोआप सरकायला कारण नाही.

मग त्यानं समोरच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मधोमध अडकला.

तिथं चीर होती. आऱ्याची चीर. नखाएवढी रुंद, फळी आरपार, आणि कडेपासून आत दोन बोटं आलेली. सरळ. दोरी मारून रेघ आखावी तशी सरळ, त्याच्या खुर्चीच्या रोखानं.

सून संध्याकाळी आली तेव्हा तो तसाच बसला होता.

"टेबल कुणी कापलं?"

"टेबल? इथं कोण येतंय टेबल कापायला?" तिनं वाकून पाहिलं. "अगं बाई. जुनी भेग असेल, बाबा. वाळलं की तडकतं ना लाकूड?"

"तडा वाकडा जातो. ही चीर आहे."

"मी कापलं म्हणता का? माझ्या हातून भेंडी सरळ कापली जात नाही."

तेही खरंच होतं. सरळ चीर घालणारी माणसं वखारीत चारच होती. त्यातली तीन आता नव्हती. चौथा हा असा बसलेला.

सून हातपाय धुऊन आली आणि टॉवेलनं तोंड पुसता पुसता सहज म्हणाली, "बाकी, समोरच्या इमारतीत काम काढलंय वाटतं. जिना चढताना करवतीचा आवाज येत होता. खर्र... खर्र... किती सावकाश. यंत्र नाही का त्यांच्याकडे?"

समोरची इमारत वर्षभर रिकामी होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा पुन्हा फोन.

"झालं का हो लिहून? उद्या दुपारी सगळी माणसं जमायची आहेत. म्हटलं, तेव्हाच वाचावं."

"होईल."

"लांबलचक नको. तुमचं बोलणं कसं तोलून मापून असतं, तेवढंच." वरचा फोन ठेवणार होता, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. "भाऊजी, एक विचारू? शेवटी शेवटी ते झोपेत हात हलवायचे. असे वरून खाली, वरून खाली. ओढल्यासारखे."

"हं."

"त्या दिवशीसुद्धा तेच चाललं होतं. मी दमलेली होते. जागरणं झाली होती. मी म्हटलं, आता तरी सोडा तो आरा. हात सुटला तुमचा, आणि त्यापायी सगळा संसार सुटला. फाटकावर राखण करत जन्म गेला." आवाज बारीक झाला. "तीस वर्षं टोचून बोलले मी त्यांना. चूक त्यांचीच होती, ते काही खोटं नाही. पण शेवटचं बोलणंही तेच व्हावं? डोळे उघडून पाहिलं त्यांनी माझ्याकडे. बोलले काही नाहीत. मग गेले."

वरच्याच्या हातातला फोन ओला झाला होता.

"मी बोलायला नको होतं, नाही का हो?"

"बघतो," वरचा म्हणाला. काय बघतो ते त्यालाही कळलं नाही.

फोन ठेवला आणि तो टेबलाकडे वळला. चीर वीतभर आत आली होती.

५

तीस वर्षांपूर्वी झालं ते एवढंच.

वखारीत यंत्र येणार म्हणून बोलणं चाललं होतं. मालक म्हणाला, बघू, दोन माणसं एका ओंडक्याला किती वेळ घेतात. हातात घड्याळ घेऊन उभा राहिला. भोवती पंधरा-वीस माणसं. वरच्याची मान ताठ. आपल्या हातापुढे यंत्र काय, असा तोरा.

ओंडका ओला होता. आरा अडकत होता. खालचा त्याच्या चालीनं ओढत होता. घाई त्याच्या अंगातच नव्हती.

"ओढ की! जेवायला बसलायस का?" वरचा ओरडला.

खालून आवाज आला, "लाकूड ओलं आहे. दमानं."

निम्मी चीर झाली होती. मालकानं घड्याळाकडे पाहून मान हलवली. ती मान हललेली वरच्यानं पाहिली. आणि खालच्यानं ओढायच्या आत त्यानं आरा दोन्ही हातांनी खाली ढकलला.

तेवीस वर्षांत एकदाच.

पातं वाकलं, चिरेतून उसळलं. खड्ड्यातून फार मोठा आवाज आला नाही. "आई" एवढंच.

मालकानं विचारलं, चूक कुणाची? खड्ड्यात खालचा उभा होता, हात छातीशी धरून. तोंडावर भुसा, भुशातून दोन डोळे वर बघत होते. वरचा म्हणाला, "त्याचा हात सुटला."

खालच्यानं मूग गिळले. का, ते वरच्यानं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

तो ओंडका तसाच पडून होता. पुढे यंत्र आलं. उरलेलं त्यावर कापून झालं. एक रुंद फळी वरच्यानं घरी आणली आणि तिचं टेबल केलं. वरून रंधा मारून गुळगुळीत केलं. खालच्या अंगाला मात्र कधी रंधा लावला नाही. तिथं हात फिरवला की निम्म्यापर्यंत हाताच्या आऱ्याचे तिरपे ओरखडे लागतात आणि मग एकदम यंत्राचे गोल. कुठं थांबलो ते बोटाला अजून कळतं.

टेबल का केलं, हेही त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, चांगलं लाकूड वाया का घालवायचं?

६

तिसऱ्या दिवशी सकाळी तो लिहायला बसला. स्वच्छ ऊन आत आलं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. असल्या उजेडात माणसानं भलतंसलतं मनात आणू नये, असं त्यानं स्वतःला बजावलं.

सून दारात उभी होती. "अकराला निघते मी. जाता जाता त्यांच्याकडे देऊन पुढे जाईन. होईल ना तोवर?"

"होईल."

तिनं पायातली चप्पल काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. चीर तिनंही पाहिली होती. आता चीर टेबलाच्या मध्यापासून चार बोटांवर होती.

त्यानं लिहिलं: वहिनी, त्या दिवशी हात सुटला ही त्याची चूक नव्हती. दैवाची होती.

खर्र.

आवाज टेबलातून आला. त्याच्या कोपरांना आधी कळला, मग कानांना. कागद समोर सरकला आणि दैवाचं वाक्य मधोमध कापलं गेलं. भुशाची बारीक धार टेबलाखाली त्याच्या पावलांवर पडली. थंड आणि ओली.

"बाबा?" सून आतून म्हणाली. "आवाज आपल्याच घरात आहे का?"

"तू तिथंच बस."

त्यानं दुसरा कागद घेतला. रेघा आखल्या. हात थरथरत नव्हता. आयुष्यात थरथरला नव्हता, आणि आता या वयात तो शिकणार नव्हता. पेन्सिल टेकवली.

वहिनी, त्याचा हात सुटला नाही.

कागद समोर ओढला गेला, हलकेच. वरच्यानं सैल सोडला. मग आपल्याकडे ओढला. समोरून सैल सुटला. पेन्सिल त्या चालीत बसली. तीस वर्षांनी बसली, आणि एका क्षणात बसली.

मी आरा ढकलला. मालक बघत होता म्हणून ढकलला. नियम मला ठाऊक होता. वखारीत सगळ्यांना मीच शिकवला होता. तो खड्ड्यात होता, त्याला काही दिसत नव्हतं. तो माझ्या भरवशावर होता. मग मी खोटं बोललो. तो मला खोटं पाडू शकत होता. पाडलं नाही. त्याची दोन बोटं माझ्यामुळे गेली, त्याचं काम माझ्यामुळे गेलं. तुम्ही त्याला जे बोललात ते माझ्या वाट्याचं होतं. ते त्यानं ऐकून घेतलं. त्याच्याइतका सरळ ओढणारा माणूस मी पाहिला नाही. तुमच्या दुःखाला माझ्याकडे औषध नाही. हे होतं, ते दिलं.

कागद कापला गेला नाही.

सही करायला तो वाकला तेव्हा कागदाची समोरची कड त्याच्या नजरेच्या टोकाला आली. कड दबलेली होती. वरून अंगठा, खालून दोन बोटं. नखांत भुसा भरला होता.

वरच्यानं मान वर केली नाही. काम चालू असताना वरच्यानं रेघेवरून नजर काढायची नसते. त्यानं खाली रेघ पाहिली, तिच्यावर सही केली, आणि कागद सोडून दिला.

"सूनबाई, घेऊन जा."

ती आली. टेबलाच्या कडेनं, समोरच्या खुर्चीला पदर लागू न देता, भिंतीला धरून वळसा घालून आली. का ते त्यानं विचारलं नाही.

७

दुपारी दोनला फोन वाजला.

मागून माणसांची कुजबुज येत होती, कुणीतरी खुर्ची सरकवली.

"लेकीनं वाचलं," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर वाचलं. तिला काय माहीत आत काय आहे."

"बरं झालं."

"त्यांना ठाऊक होतं?"

"होतं."

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं."

त्या रडल्या नाहीत. वरच्याला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. दोन्हीची त्याची तयारी होती.

"मी फोटोसमोर बसून त्यांची माफी मागितली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मनावरचा धोंडा उतरला. तो तुम्ही उतरवलात. पण चढवलाही तुम्हीच. मी तुमचे आभार मानणार नाही."

"मानू नका."

"एक सांगते. वाचून झाल्यावर लेक म्हणाली, आई, कागदावर भुसा का आहे? मी म्हटलं, त्यांच्या मित्राचा कागद आहे, असायचाच." त्यांनी कान दिला. "तुमच्याकडे काही काम चालू आहे का हो? फोनमधून आवाज येतोय."

"हो. अर्धं राहिलेलं काम आहे."

"आवरा मग," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वरच्यानंही ठेवला. त्याला वाटलं होतं, पत्र गेलं की थांबेल. हिशोबी माणसाला असं वाटतं. पण तो हिशोबी नव्हता, तो आरेवाला होता, आणि त्याला ठाऊक असायला हवं होतं. कबुली दिली म्हणून आरा थांबत नाही. लाकूड दोन झालं की थांबतो.

चीर मध्य ओलांडून पुढे आली होती. जिथं हाताचे ओरखडे संपून यंत्राचे सुरू होतात, ती जागा मागे पडली होती. आता टेबलाची आठ-दहा बोटं उरली होती. पलीकडे त्याची खुर्ची.

दार उघडं होतं. जिना होता. गुडघे एवढेही गेले नव्हते, मनात असतं तर तो उतरला असता. ऊन तसंच स्वच्छ होतं. रस्त्यावर सकाळचा तो गाडी धुणारा कुणाला तरी हसून काही सांगत होता.

वरच्यानं सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. कामाला उभं राहताना दुमडायचा तशा. मग आपल्या खुर्चीत बसला, चिरेच्या अगदी समोर, आणि टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. छाती कडेला टेकली.

"दमानं घे," तो समोर न बघता म्हणाला. "घाई नाही."

खर्र.

आऱ्याचा झोका समोर गेला. परत आला. त्याच्या मुठी आपसूक वळल्या आणि मुठीत काहीतरी गुळगुळीत, गोल, वापरून वापरून झिजलेलं लाकूड आलं. जागा ओळखीची होती. त्यानं ओढलं. मग सैल सोडलं. समोरून ओढ आली, खालून आल्यासारखी.

चार बोटं उरली. मग दोन.

हात आखडले. अंगातलं सगळं बळ म्हणत होतं, ढकल, दूर लोट, पातं वाकव. त्यानं दात आवळले, डोळे रेघेवर ठेवले आणि समोरून ओढ यायची वाट पाहिली.

ती आली तेव्हा त्यानं हात सैल सोडले.